तळमजल्यावरची ओल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी “सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा” असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. गणपतीचा इतिहास लिहून झालाय, लिफ्टचा झालाय, आणि पाण्याच्या टाकीवरून झालेल्या सभांचा इतिहास कोणी लिहूच नये अशी सर्वांची इच्छा आहे. मग उरलं काय? उरली ती ऑफिसच्या खोलीतली ओल. मेंटेनन्सचा चेक द्यायला गेलेल्या प्रत्येकाने तो कुबट वास घेतलाय, भिंतीचे पोपडे पाहिलेत आणि “काहीतरी करायला पाहिजे” असं म्हणून तो बाहेर पडलाय. पंचवीस वर्षांत या एका वाक्यावर आपलं सगळ्यांचं एकमत झालं.

पण हा विषय मी घेतला तो एका पानामुळे.

गेल्या जूनमध्ये, स्मरणिकेचं काम नुकतंच सुरू झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एका संध्याकाळी ऑफिसात आल्या. म्हणाल्या, “पहिल्या सभेच्या वहीत ह्यांची सही आहे. तिचा फोटो छापाल का?” आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. सोसायटी उभी करण्यासाठी रजिस्ट्रार ऑफिसच्या खेपा घालणाऱ्यांत ते होते, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. सेक्रेटरींनी लोखंडी कपाट उघडलं, खालच्या खणातून पहिलं मिनिट बुक काढलं. वही कसली, सादळलेल्या पापडांची चवड! पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, कडेला काळे-हिरवे ठिपके. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आपल्या तळमजल्यातही पाणी शिरलं होतं. तेव्हा वह्या जिन्यात पसरून वाळवल्या आणि परत त्याच खणात ठेवल्या. त्यानंतरचं काम ओलीने सावकाश केलं. आजींनी वही हातात घेतली, जरा उघडून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली. “राहू दे. उगाच फाडू नका,” म्हणाल्या आणि गेल्या.

खरेदीखतं, करारनामे यांच्या प्रती सरकारी कचेरीतून पुन्हा काढता येतात. त्या सह्या कुठून काढणार? त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, हवेतल्या बाष्पावर फळाभर गणितं सोडवली, आणि आपल्याच सोसायटीच्या कपाटात हे चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं, ही खोली कोरडी करायची. शक्यतो घरच्या घरी, आणि सिंकिंग फंडाला हात न लावता. त्या खटाटोपात माणसांनी आजवर ओलीशी कशी झुंज दिली तेही वाचत गेलो. तो इतिहास आणि आपला इतिहास, दोन्ही इथे एकत्र सांगतो.

जोतं, पागोळ्या आणि शेगडी

आपल्यापैकी निम्म्या घरांचं मूळ कोकणात आहे. तिथे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. चार महिने आभाळ फाटलेलं, आणि तरीही आजोळच्या माजघरात पोथ्या टिकल्या, बियाणं टिकलं, लुगडी टिकली. कशी?

पहिली गोष्ट म्हणजे घराचं जोतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं उंच जोतं, त्यावर घर. जमिनीतलं पाणी दगड-विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, जसं कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं. जोतं उंच असलं की ते पाणी भिंतीपर्यंत पोचता पोचता दमतं. दुसरी गोष्ट म्हणजे लांब उतरतं छप्पर. पागोळ्या भिंतीपासून हात-दोन हात लांब पडायच्या. पावसाचा मारा ज्या बाजूने, तिकडे पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. मे महिन्यात आगोटची धांदल असायची ती धान्य, लाकडं, सुकी मासळी भरण्याइतकीच या बंदोबस्ताची असायची.

एवढं करूनही हवा दमट असणारच. तिच्यासाठी होती शेगडी आणि चूल. शेगडीत निखारे घालायचे, वर बांबूची टोपली पालथी ठेवायची आणि तिच्यावर बाळाची दुपटी वाळत घालायची. बियाणं चुलीच्या वरच्या माळ्यावर, जिथे धूर आणि ऊब दोन्ही पोचतात. कौलांच्या फटींतून तो धूर आणि त्याबरोबर बाष्प बाहेर जायचं.

यातलं शास्त्र असं. हवा गरम झाली म्हणून तिच्यातलं पाणी कमी होत नाही, पण पाणी धरून ठेवायची तिची ताकद वाढते. २७ अंश तापमानाच्या हवेत आर्द्रता ९० टक्के असेल आणि तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ७० टक्क्यांच्या किंचित खाली येते. पाण्याचा एक थेंबही न काढता! बुरशीला साधारण ७० टक्क्यांच्या वरची हवा बराच काळ मिळाली की ती फोफावते. म्हणजे पाच अंशांची ऊब बुरशीला रोखायला जवळजवळ पुरते.

मुंबईत आल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी हीच शेगडी कपाटात नेली. कपाटाच्या तळाशी १५ वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. कॅमेरे, रेडिओ, तबला-डग्गा त्याच्या उबेत राहायचे. आता एलईडी आले. प्रकाश भरपूर, ऊब जवळजवळ नाही. विजेचं बिल कमी झालं ते चांगलंच, पण त्याबरोबर ओलीवरचा एक घरगुती इलाज घरातून निघून गेला, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

केस आणि मीठ

ओल किती आहे हे वासावरून कळतं, पण मोजायची कशी? जिनिव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये यावर ग्रंथ लिहिला आणि माणसाच्या केसाने ओल मोजायचं यंत्र सांगितलं. तेलकटपणा काढलेला केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्याला काटा जोडला की झालं आर्द्रतामापक. पुढे दीडशे-दोनशे वर्षं वेधशाळांमध्ये केसांचीच यंत्रं होती. पावसाळ्यात केस नीट बसत नाहीत अशी तक्रार आपल्या घरातल्या मुली करतात, ती शास्त्रशुद्ध आहे.

दुसरा मोजणारा आपल्या स्वयंपाकघरात बसलाय, तो म्हणजे मीठ. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं, त्याच्या खाली कोरडं राहतं. जाड्या खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो. ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं, म्हणून खडे मिठाची बरणी बारीक मिठाच्या आधी पाझरते. आपण दुकानातून आणलेला स्वस्तातला आर्द्रतामापक खरा की खोटा, हेही मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, दोन थेंब पाणी घालून ओलसर करायचं आणि मापकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवायचं. सकाळी काटा ७५ वर पाहिजे. आपला मापक ७९ दाखवत होता. म्हणजे चार टक्के वजा करून वाचायचं. खाली दिलेले सगळे आकडे तसे दुरुस्त केलेले आहेत.

ऑफिसच्या खोलीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मापक ठेवला. आर्द्रता निघाली ८८ टक्के.

गिरणी आणि छापखाना

इथे थोडं विषयांतर वाटेल, पण आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांचा त्याच्याशी संबंध आहे. त्यांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढे गिरणगाव उभं राहिलं. कापसाच्या धाग्याला ओल लागते. हवा कोरडी झाली की धागा ठिसूळ होतो, सारखा तुटतो. मुंबईची खारी दमट हवा सुताला मानवणारी. कोरड्या दिवसांत तर खात्यात मुद्दाम पाण्याचे तुषार सोडून हवा ओली करावी लागे. जी ओल आपल्या वह्या खाते, तिच्याच जोरावर या शहरातल्या हजारो चुली पेटल्या. ओल तेवढी वाईट असं सरसकट म्हणता येत नाही.

छापखान्याचं मात्र उलट. १९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात एक अडचण आली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे असतात. दमट हवेत कागद किंचित फुगायचा, कोरड्यात आकसायचा, आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसायचाच नाही. हे काम बफेलो फोर्ज कंपनीतल्या विलिस कॅरिअर नावाच्या एका तरुण इंजिनिअरकडे आलं. वर्षभरापूर्वीच तो कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडला होता आणि त्याचं वय होतं पंचवीस, म्हणजे आज आपल्या सोसायटीचं आहे तेवढंच. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा सोडायची, की गार ग्लासावर बाहेरून दव जमतं तसं तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमून गळून जाईल, अशी ती योजना होती. खोलीत वर्षभर ५५ टक्के आर्द्रता ठेवायची हे उद्दिष्ट. आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याचा जन्म असा झाला. गारव्यासाठी नव्हे, कागद वाचवण्यासाठी. ही स्मरणिकासुद्धा चार रंगांत छापली जातेय. चित्रांच्या कडा नीट जुळलेल्या दिसल्या तर त्या पंचवीस वर्षांच्या मुलाची आठवण ठेवा.

त्याच वर्षीच्या अखेरीची गोष्ट सांगतात ती अशी. पिट्सबर्गच्या स्टेशनवर कॅरिअर गाडीची वाट पाहत होता. प्लॅटफॉर्मवर दाट धुकं. त्याच्या मनात आलं, या हवेत पाणी गच्च भरलंय, पण हवा गार असल्यामुळे ते पाणी मुळात फार नाही. म्हणजे हवा जर गार पाण्याच्या तुषारांतून नेली तर ती भिजण्याऐवजी जास्तीचं पाणी टाकून देईल! पाण्यातून नेऊन हवा कोरडी करायची, हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं. पण १९०६ मध्ये त्याला याच यंत्राचं पेटंट मिळालं. एसी ‘ड्राय’वर लावला की बाहेरच्या नळीतून जे पाणी ठिबकतं, आणि ज्यावरून खालच्या मजल्यावरचे आपल्याशी भांडतात, ते आपल्या खोलीतल्या हवेतलं पाणी असतं.

पुडी आणि सोडा

ओल काढायचा आणखी एक मार्ग म्हणजे ती पिऊन टाकणारा पदार्थ ठेवणं. नव्या बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते ती सिलिका जेलची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनी हे जेल कारखान्यात बनवायची रीत शोधली. १९१९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामान आणि पेनिसिलिन कोरडं ठेवायला ते वापरलं गेलं. त्या दाण्यांत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, पाणी त्यांत जाऊन बसतं. गंमत म्हणजे दाणे तापवले की पाणी सोडतात आणि परत कामाला तयार. आपण मात्र पुडी उघडताक्षणी कचऱ्यात टाकतो.

दुसरा पदार्थ कॅल्शियम क्लोराइड. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे याने १८६१ मध्ये मीठ आणि चुनखडीपासून धुण्याचा सोडा करायची पद्धत काढली. गुजरातेत मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली ती या सोड्यासाठीच. सोडा करताना जे मागे उरतं ते कॅल्शियम क्लोराइड. दिसायला पांढरे खडे किंवा चकत्या, किमतीला स्वस्त आणि तहान अशी की हवेतलं पाणी पिऊन स्वतःच विरघळून जातं. दमट हवेत ते आपल्या वजनाहून जास्त पाणी ओढतं. कपाटात टांगायच्या ज्या पिशव्या किंवा डबे बाजारात मिळतात, त्यांत बहुतेक वेळा हेच असतं.

आपले प्रयोग

आता घरचा इतिहास. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांना सुचतं तेच केलं. खिडकी सताड उघडी टाकली, पंखा पाचवर. दोन दिवसांनी मापक ९०! बाहेर पाऊस कोसळत असताना बाहेरची हवा आत घेणं म्हणजे ओलीला पायघड्या घालणं. हे मला कळायला हवं होतं, पण सवय शिक्षणापेक्षा मोठी असते.

मग कागद-पेन्सिल घेतली. खोली १० बाय १२, उंची ९ फूट. म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं. ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर यायचं तर खोलीतल्या हवेतून फक्त पाव लिटरच्या थोडं वर पाणी काढायचंय. एक मोठा पेला! मंडळी खूश झाली. पण पुढचं गणित वाईट होतं. खिडकी-दाराच्या फटींतून दर तासाला एकदा जरी खोलीतली हवा बदलली, तरी तेवढंच पाणी परत आत येतं, म्हणजे दिवसाला सहा लिटरहून जास्त. घरच्या घरी जुळवलेल्या साध्या साधनाला एवढं पाणी काढणं झेपणारं नव्हतं. तेव्हा पहिलं काम फटी बुजवायचं. खिडकीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रश लावला.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने दुसरा मार्ग काढला. त्याने लॅमिंग्टन रोडवरून पेल्टियरची चौकोनी चकती आणली. पेल्टियर हा मूळचा घड्याळवाला फ्रेंच माणूस. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की सांधा गार किंवा गरम होतो, हे त्याने १८३४ मध्ये दाखवलं. चकतीच्या गार बाजूला कॉम्प्युटरमधला अॅल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा, गरम बाजूला दुसरा ठोकळा आणि पंखा, खाली स्टीलची वाटी. रात्रभर चालवल्यावर सकाळी अर्धी वाटी पाणी. पोरगा खूश, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण एका बल्बाएवढी वीज खाऊन अर्धी वाटी म्हणजे बंद कपाटाला ठीक, खोलीला अपुरं.

मग आली बादली. तिची रचना सांगतो, कारण अनेकांनी विचारलीय. वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली. तिच्या तोंडावर नीट बसेल अशी प्लॅस्टिकची रोवळी, तिच्यात जुन्या धोतराचा एकेरी तुकडा आणि त्यावर दोन किलो कॅल्शियम क्लोराइडच्या चकत्या. बाजूला स्टुलावर जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा, चकत्यांवरून हवा जाईल असा. बस्स. चकत्या पाणी पितात, विरघळतात, खारट द्रव ठिबकून बादलीत जमतो. रोज सकाळी वॉचमन काका बादली वजनकाट्यावर ठेवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहायचे. पहिल्या दिवशी पाव किलोने वजन वाढलं, दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढंच. मापक ८८ वरून ७९ वर आला.

आणि तिथेच अडकला. आठवडा गेला, चकत्या संपल्या, नव्या घातल्या. बादली भरत राहिली, काटा ७९ सोडायला तयार नाही. पाणी येतंय कुठून?

चोर घरातलाच

यासाठी एक जुनी साधी चाचणी आहे. पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. फॉइलच्या वरच्या बाजूला दव आलं तर दोष खोलीतल्या हवेचा. खालच्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर भिंतच ओली. आम्ही तिन्ही भिंतींवर फॉइल लावली. दोन भिंती कोरड्या. पूर्वेकडच्या भिंतीवरची फॉइल काढली तर आतल्या बाजूने थेंब ओघळले. याच भिंतीला खाली लोणा लागला होता आणि कपाटही नेमकं तिलाच टेकून होतं.

बाहेर जाऊन पाहिलं. त्या भिंतीला लागून आपली बाग! दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने आपण विटांचा वाफा बांधला, लाल माती भरली, नारळ फोडला. उद्घाटनाचे फोटो याच स्मरणिकेत आहेत. इमारत बांधताना जोत्याच्या पातळीवर पाणी अडवणारा थर दिलेला असतो. जमिनीतली ओल त्याच्या वर चढू नये म्हणून. आपण वाफ्याची माती त्या थराच्याही वर फूटभर चढवली होती. म्हणजे ओलीला शिडी लावून दिली, आणि पावसाळा नसेल तेव्हा रोज सकाळी पाणीही घातलं. आजोळच्या घरी जोतं उंच का होतं, पागोळ्या लांब का पडत होत्या, याचं उत्तर मला आपल्या पार्किंगमध्ये उभं राहून मिळालं. बिल्डरला आपण पंचवीस वर्षं नावं ठेवली. या एका बाबतीत तरी दोष आपला होता.

वाफा हलवायचा विषय कार्यकारिणीत निघाला तेव्हा काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या काकूंनी ती बाग पोराबाळांसारखी वाढवली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी म्हणालं, चार वह्यांसाठी बाग मोडायची? कोणी म्हणालं, सरळ एसी बसवा. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, ऑफिसला एसी कशाला? शेवटी काकूच उठल्या आणि म्हणाल्या, “मोगरा कुंडीत लागतो. माझ्या सासूबाईंची पण सही आहे त्या वहीत.” सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आपण वीस-बावीस जणांनी माती उपसली. सगळी झाडं कुंड्यांत गेली, दोन जगली नाहीत. पंपाच्या टाकीचं वाहून जाणारं पाणीही त्याच भिंतीकडे मुरत होतं, त्याला नळी लावून गटाराकडे वळवलं.

तीन आठवड्यांनी, दसऱ्याच्या आसपास, तीच खोली, तीच बादली, आणि मापक ७० वर. खरं सांगायचं तर ऑक्टोबरात मुंबईची हवा आपणहून कोरडी व्हायला लागते, त्यामुळे सगळं श्रेय आपल्याला नाही. भिंत पुरती वाळायला आणखी काही महिने जातील. खरी परीक्षा येत्या जूनमध्ये.

घरी करणाऱ्यांसाठी

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. वरच्या बाथरूमची गळती, बाहेरची भेग, मुरणारं पाणी, यावर बादली हा इलाज नाही. तिथे प्लंबर आणि गवंडीच लागतो. खोली बंद ठेवता येत नसेल तर यंत्र लावू नका, रस्ता कोरडा करण्यासारखं ते होईल. छोट्या कपाटासाठी बादलीपेक्षा डबा बरा.

कॅल्शियम क्लोराइड हाताळताना रबरी हातमोजे घाला. पाणी लागलं की ते गरम होतं आणि कातडीला झोंबतं. जमलेला द्रव लोखंडाला गंजवतो, म्हणून बादली लोखंडी कपाटात ठेवू नका. लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून लांब ठेवा. तो द्रव झाडांना तर मुळीच घालू नका, भरपूर पाणी ओतून मोरीत सोडा. सिलिका जेल परत वापरायचं तर मंद आचेवर तापवा, पण जी कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही तिच्यात. निळ्या रंगाचं जेल घरात तापवूच नका, त्यात कोबाल्ट असतं. कपाटात ऊब देणारा बल्ब लावायचा असेल तर कागद-कपड्यांपासून वीतभर लांब आणि जाळीच्या आत.

ते पान

वहीचं काय झालं ते राहिलंच. ग्रंथालयात नोकरी केलेल्या आपल्या एका सभासद ताईंनी ती जबाबदारी घेतली. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला दम भरला: ऊन नाही, इस्त्री नाही, हेअर ड्रायर नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात वही, बाजूला कापडी पिशवीत सिलिका जेल, आणि दर दोन दिवसांनी जेल बदलायचं. महिनाभर रोज संध्याकाळी त्या मास्क लावून गच्चीच्या दारात बसायच्या, मऊ ब्रशने बुरशी झाडायच्या आणि पातळ पट्टीने एक एक पान सोडवायच्या. काही पानं सुटली, काही फाटली, चार-पाच तशीच जोडलेली राहिली.

पहिल्या सभेचं पान सुटलं. ज्यांनी बॉलपेनने सही केली होती, त्यांच्या सह्या जवळजवळ जशाच्या तशा आहेत. आजोबा शाईचं पेन वापरायचे. त्यांची सही फुटून निळा डाग झालाय, वाचता येत नाही. सहीच्या खाली मारलेली एक तिरपी रेघ तेवढी उरलीय, शेवटी जरा वर वळलेली.

आम्ही जरा बिचकतच पान आजींकडे नेलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. “हीच. पत्राच्या शेवटीसुद्धा अशीच ओढायचे.”

या स्मरणिकेत पहिल्या सभेच्या पानाचा फोटो छापलाय तो हा. डावीकडून चौथी ओळ, निळा डाग आणि खाली रेघ. वही आता ऑफिसच्या पश्चिमेकडच्या भिंतीजवळ, वरच्या खणात, डब्यात ठेवलीय. जेल बदलायची पाळी दर पंधरा दिवसांनी येते, त्याचा तक्ता नोटीस बोर्डावर लावलाय. पुढच्या महिन्यातली दोन नावं अजून रिकामी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ऑफिसात कळवावं.